मिक्स ज्यूस म्हणजे पंच नव्हे

मोसंबी, डाळिंब, एखादं सफरचंद असं सगळं मिक्सरमधून फिरवायचं, साखर-बर्फ घालायचा, मोठ्या काचेच्या भांड्यात ओतायचं आणि वर पुदिन्याची पानं सोडायची. दिवाळीत पाहुणे जमले की आमच्याकडे हल्ली याला सर्रास ‘फ्रूट पंच’ म्हणतात. चवीला ते छानच लागतं, पण तो असतो मिक्स ज्यूस. ज्यूस सेंटरवर मोसंबी आणि संत्र्याचा ‘गंगा-जमुना’ मिळतो, त्याच घरातला.

पंच हा शब्द इंग्रजांनी आपल्याच ‘पाच’वरून उचलला, असं बहुतेक जण मानतात. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची माणसं इथे हे पेय प्यायला लागली. 1632च्या एका पत्रात या नावाने त्याचा उल्लेख सापडतो. पाच जिन्नस म्हणजे मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा. पंचामृतात जसे पाच मोजून येतात तसेच. यात पाच फळं कुठेच नाहीत. आहेत त्या पाच चवी, आणि प्रत्येकीची ओढ वेगळ्या दिशेला. कडक, गोड, आंबट, पातळ आणि सुगंधी. त्या ओढाताणीतून जी चव तयार होते ती पंचाची.

मिक्स ज्यूसमध्ये अशी ओढाताण नसते. फळं कितीही घाला, सगळी गोडाकडेच जातात. ऑक्टोबरच्या भर दुपारी तहानेने जीव कासावीस झाला असताना असा ज्यूस उभ्याउभ्या घटाघटा प्यावा, त्याच्यासारखं सुख नाही. पण तोच ग्लास बेसनाचा लाडू आणि शंकरपाळ्यांच्या ताटाशेजारी ठेवून बघा. गोडावर गोड येतं आणि अर्धा ग्लास तसाच राहतो. फराळ तुपातेलातला असतो. त्याच्यासोबत जीभ स्वच्छ करणारं, थोडं तुरट काहीतरी लागतं.

मद्य काढून टाकलं की पंचात एक खड्डा पडतो. घोट घेतल्यावर जाणवणारा कडकपणा आणि पेय सावकाश प्यायला लावणारा गुण, दोन्ही मद्याकडून येत. तिथे पाणी भरलं तर सरबत होतं, फळांचा रस भरला तर ज्यूस होतो. ती जागा भरायला तुरट पदार्थच हवा. आपल्या घरात तो दोन रूपांत हजर आहे, कोरा चहा आणि डाळिंब. कॅरिबियन बेटांवर पंचाचं जुनं प्रमाण सांगतात ते असं: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. आपण ते जसंच्या तसं उचलू नये, कारण मोसंबीचा रस मुळातच गोड आणि सौम्य असतो. मोसंबीला ‘पातळ’च्या जागी बसवायचं, आंबटपणा लिंबाकडून घ्यायचा आणि गूळ बेताने घालायचा.

आता मोसंबी. दसऱ्याच्या आगेमागे पाचोडपासून जालन्यापर्यंत अंबिया बहाराच्या, म्हणजे थंडीच्या अखेरीस फुलून पावसाळ्यानंतर पिकणाऱ्या, मोसंबीचे ढीग लागलेले असतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या मराठवाड्यातल्या पंचात हेच फळ हवं, याबद्दल मला शंका नाही. पण ते वेळेचं फार पक्कं आहे. एका दिवाळीत मी सकाळीच मिक्सरवर रस काढून फ्रीजमध्ये ठेवला होता. संध्याकाळी आत्याने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. “औषधावानी कडू लागायलंय गं,” म्हणाली. फळं ताजी होती, तरी असं का झालं हे मला नंतर कळलं. मोसंबीच्या पेशींत एक बेचव द्रव्य असतं. रस निघाला की त्यातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडू असतं. बिया आणि पांढरी साल मिक्सरमध्ये भरडली गेली की कडवटपणा आणखी वाढतो. रस गरम केला तर ते आणखी लवकर होतं.

इथेच पंच आणि ज्यूस यांची रीत उलटी होते. ज्यूस काढायचा आणि प्यायचा. पंच मात्र मुरावा लागतो, नाहीतर मसाला वेगळा आणि फळ वेगळं लागतं. म्हणून मुरणारा भाग आधी करून ठेवायचा आणि मोसंबी अगदी शेवटी, हाताच्या रसयंत्रावर पिळून घालायची.

वीस छोट्या ग्लासांसाठी मी असं करते. एक लिटर पाण्यात दोन इंच दालचिनी, पाच-सहा लवंगा आणि ठेचलेलं आलं घालून पाच-सात मिनिटं उकळते. आच बंद करून चार चहाचे चमचे चहापत्ती टाकते आणि तीन मिनिटांत गाळून घेते. चहापत्ती उकळली की तुरटपणाचा कडूपणा होतो. गरम असतानाच 200 ग्रॅम गूळ विरघळवून पुन्हा गाळायचं, कारण गुळात कचरा असतो. गार झाल्यावर सहा-सात डाळिंबांचा रस आणि चिमूटभर सैंधव घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. पाहुणे आले की त्यात पाच-सहा लिंबं आणि चौदा-पंधरा मोसंब्या पिळायच्या. लिंबू पडताच चहाचा काळपटपणा उतरतो आणि डाळिंबाचा लाल रंग वर येतो. लहान मुलांसाठी चहाऐवजी आमसुलं भिजवलेलं पाणी घ्या आणि लिंबू निम्मं करा.

बीडचं सीताफळ याच दिवसांत येतं आणि घालायचा मोह होतो. घालू नका. त्याचा गर रसात गढूळ होतो, आणि बिया मिक्सरमध्ये जाणं धोक्याचं, कारण त्या विषारी असतात. कोजागिरीच्या आटवलेल्या दुधात ते खरं शोभतं.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. पितळी घंगाळ सणाला सुंदर दिसतं, पण कल्हई नसेल तर आंबट रस त्यात ठेवू नये. बर्फाचे खडे टाकण्याऐवजी आदल्या रात्री डब्यात पाणी आणि डाळिंबाचे दाणे घालून एक मोठी लादी गोठवा. ती सावकाश वितळते, त्यामुळे शेवटचा ग्लासही पाणचट होत नाही.

मोसंबी पडल्यावर पंच तासाभरात संपवायचा. म्हणून सगळा मसाला-चहा एकदम वापरू नका. मोसंबीशिवाय तो फ्रीजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. भाऊबीजेला पाहुणे दारात आले की चार मोसंब्या पिळायच्या, आणि ग्लास पुन्हा ताजा.