ईहाम : अमीर खुसरोने घातलेली भर

ईहाम हा फार्सी काव्यशास्त्रातील एक अलंकार. यात शब्द एक असतो, पण अर्थ दोन. ऐकणाऱ्याचे मन जवळच्या अर्थाकडे धावते, कवीला मात्र दूरचा अर्थ अभिप्रेत असतो. संस्कृत श्लेषात दोन्ही अर्थ बरोबरीने चालतात. ईहामात जवळचा अर्थ हा केवळ चकवा असतो. दिल्लीचा कवी अमीर खुसरो (१२५३–१३२५) याने या अलंकाराची मर्यादा बरीच पुढे नेली.

ईहामाच्या उगमाबद्दल एकमत नाही. ज्ञात फार्सी ग्रंथांपैकी त्याची पहिली नेटकी व्याख्या बाराव्या शतकात मध्य आशियातील ख्वारज्मच्या रशीदुद्दीन वतवात याच्या ‘हदाइकुस्सिह्र’मध्ये सापडते. अरबी ‘तौरिया’ हा त्याचा जुळा भाऊ. हे नाव त्याच शतकात अरबी लेखक उसामा इब्न मुन्किझकडे येते, पण त्याची मांडणी वतवातइतकी काटेकोर नाही. तौरियाला खरा बहर आला तो पुढे मामलूक सुलतानांच्या काळातील मिसर-शाममध्ये (इजिप्त-सीरियात). त्यामुळे व्याख्येपुरते तरी फार्सीचे पारडे जड वाटते. खुसरोला हिंदवी (दिल्ली परिसरातील लोकभाषा) येत होती, यावरून संस्कृत श्लेषाचा प्रभावही सुचवला जातो. तो अशक्य नाही. मात्र खुसरोची परिभाषा अरबी-फार्सी परंपरेतली आहे आणि वतवातपासूनची परंपरा त्याच्या स्पष्टीकरणाला पुरेशी आहे.

‘गुर्रतुल्कमाल’ (सु. १२९४) या तिसऱ्या दिवाणाच्या (काव्यसंग्रहाच्या) प्रस्तावनेत खुसरो सांगतो, की पूर्वसूरींचा ईहाम दोन अर्थांवर थांबे, आपण एका बैतातून (दोन ओळींच्या कडव्यातून) सात अर्थ काढले आहेत. यातले काही अर्थ पदे वेगळी तोडून काढावे लागतात, म्हणून सातही अर्थ ईहामाच्या कडक व्याख्येत बसतात असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याची खरी ताकद साध्या बैतांत दिसते. त्याच्या नावावर प्रसिद्ध असलेला हा बैत पाहा : ‘जबान-ए-यार-ए-मन तुर्की व मन तुर्की नमी-दानम, चे खुश बूदी अगर बूदी जबानश दर दहान-ए-मन’ (माझ्या सख्याची जबान तुर्की, मला तुर्की येत नाही, ती जबान माझ्या तोंडात असती तर किती छान झाले असते). पहिल्या ओळीतील ‘तुर्की’मुळे ‘जबान’चा ‘भाषा’ हा अर्थ पक्का होतो. ‘दहान’ म्हणजे तोंड. तिथे पोचताच ‘जीभ’ हा अर्थ उघडतो आणि तक्रारीचे चुंबनाच्या इच्छेत रूपांतर होते. जवळचा अर्थ वाक्यात पुरता बसत नसेल तर वाचक चकतच नाही. दूरचा अर्थ प्रचारात नसेल तर बैताचे कोडे, म्हणजे ‘मुअम्मा’, होते.

‘एजाज-ए-खुसरवी’ (सु. १३१९) या पाच प्रकरणांच्या गद्यग्रंथात खुसरो गद्याच्या नऊ रूढ शैली सांगून स्वतःची वेगळी शैली मांडतो. त्यातील काही युक्त्या लिपीवर उभ्या आहेत. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि अनेक अक्षरांत फक्त नुक्त्यांचा (टिंबांचा) फरक असतो. ‘रसीदी’ (फार्सी : तू पोचलास) या शब्दातील सीन (‘स’) या अक्षरावर तीन नुक्ते दिले की ‘रशीदी’ हा अरबी शब्द होतो. या तत्त्वावर नुक्ते बदलून एकच मजकूर फार्सीत आणि अरबीत वाचता येतो. ‘कल्बुल्लिसानैन’मध्ये फार्सी मजकूर उलट वाचला की अरबी निघतो; ‘रूद’ (नदी) या शब्दाची अक्षरे उलटी लावली की ‘दौर’ (फेरा) होते. ‘वस्लुल्हर्फैन’मध्ये अक्षरे दोन-दोनच्या जोडीने येतात. नकलनवीसाने एक नुक्ता गाळला की सारी रचना कोसळते, म्हणून छापील प्रतीवर विसंबून हे उतारे सोडवू नयेत. हस्तलिखितांशी ताडून पाहावेत. अशा रचनांत कष्टाच्या मानाने काव्य थोडे, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. ईहामाला मात्र तो लागू नाही.

अठराव्या शतकातील दिल्लीच्या उर्दू कवींत, विशेषतः शाह मुबारक आबरू याच्याकडे, ईहाम पुन्हा जोरात आला. त्यामागे दख्खनचा उर्दू कवी वली औरंगाबादी याचा दिवाण किती आणि फार्सी वारसा किती, हा वाद आहे.

खुसरोच्या ‘खजाइनुल्फुतूह’ या अलाउद्दीन खल्जीच्या विजयांवरील गद्यग्रंथात ‘निस्बत’ हे संबंधित तत्त्व दिसते : एका परिच्छेदातील उपमा एकाच क्षेत्रातून, उदाहरणार्थ पाणी किंवा ग्रहतारे यांतून, घ्यायच्या. देवगिरीच्या रामदेवरायावरील १३०७ च्या स्वारीचे वर्णनही याच ग्रंथात आहे. इतिहासासाठी ते वापरताना आधी परिच्छेदाची निस्बत ओळखावी लागते; पाण्याची निस्बत असेल, तर तिथले लाटा आणि पूर हे शब्द प्रत्यक्ष घटनेचा पुरावा ठरत नाहीत.