पर्पल हार्ट आणि ब्राँझ स्टार: जखम कुणाची, कामगिरी कुणाची?

अमेरिकेतला एखादा नामवंत माजी सैनिक गेला की आपल्याकडच्या बातमीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘युद्धातील शौर्याबद्दल त्यांना पर्पल हार्ट मिळालं होतं.’ वाक्य भारदस्त आहे, पण चूक आहे. पर्पल हार्ट शौर्याबद्दल देतच नाहीत. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला, किंवा मेलेल्याच्या घरच्यांना, ते मिळतं. शौर्य शोधायचं तर शेजारच्या ब्राँझ स्टारकडे बघावं, आणि गंमत म्हणजे तोही दर वेळी शौर्याचा असतोच असं नाही.

सिनेटर बॉब डोल यांच्याकडे ही दोन्ही पदकं होती, प्रत्येकी दोन. एप्रिल १९४५, इटलीतले डोंगर, वय २१. पडलेल्या रेडिओवाल्या साथीदाराला मदत करायला ते पुढे सरसावले आणि जर्मन माऱ्यात सापडले. पुढे सरसावले ते ब्राँझ स्टारच्या खात्यात, खांदा फुटला तो पर्पल हार्टच्या. उजवा हात कायमचा निकामी झाला. नंतर जन्मभर ते उजव्या मुठीत पेन धरून वावरायचे, म्हणजे समोरचा त्या हाताशी हस्तांदोलन करायला जायचा नाही. जुने फोटो काढून बघा, पेन दिसेल.

पर्पल हार्टसाठी वरिष्ठाने शिफारस करावी लागत नाही. जखम शत्रूच्या कारवाईतून झालेली हवी, तिच्यावर वैद्यकीय उपचार करावे लागलेले हवेत आणि तशी नोंद हवी. एवढं जुळलं की तो सैनिकाचा हक्कच. त्यामुळे तळावर भाजी चिरताना तोफगोळ्याचा तुकडा लागलेल्या आचाऱ्यालाही ते मिळतं. उलट धाडसाने धावताना स्वतःच घसरून पाय मोडलेल्याला मिळत नाही. हिमदंश, उष्माघात यांनाही नाही. धुमश्चक्रीत आपल्याच बाजूची गोळी लागली, तर मात्र चालते.

खरा वाद आहे तो न दिसणाऱ्या जखमांचा. युद्धाच्या धक्क्याने येणाऱ्या मानसिक आजारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, हे पदक नाही. पेंटागॉनने २००९ मध्ये तसं स्पष्टच केलं. स्फोटाने मेंदूला इजा झाली असेल तर मात्र मिळू शकतं. अमेरिकेने इराणी जनरल सुलेमानींना मारल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये इराणने इराकमधल्या अल-असद तळावर क्षेपणास्त्रं डागली. मेलं कुणी नाही, पण शंभराहून जास्त सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं निदान झालं. आधी २९ जणांना पर्पल हार्ट मिळालं, आणि आणखी ३९ जणांना ते थेट २०२१ च्या डिसेंबरात. अशा जखमेतून रक्त वाहताना दिसत नाही, मग कागद हलायला वेळ लागतो. मला हा नियमाचा सगळ्यात कच्चा दुवा वाटतो.

२००४ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तर पदकाची थट्टाच झाली. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरींना व्हिएतनाममध्ये तीन पर्पल हार्ट मिळाली होती. जखमा किरकोळ होत्या असं म्हणत रिपब्लिकन अधिवेशनात काही जण जांभळं हृदय काढलेल्या चिकटपट्ट्या लावून फिरले. केरींच्या नावावर सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक आणि ब्राँझ स्टारही होते. त्यांचं धाडस तपासायचंच होतं तर तिथे तपासायचं. पर्पल हार्ट धाडसाचा दाखला देतच नव्हतं.

ब्राँझ स्टार आला ४ फेब्रुवारी १९४४ ला. वैमानिकांसाठी एअर मेडल होतं आणि चिखलात लोळणाऱ्या पायदळाला तसं काहीच नाही, ही तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांची तक्रार होती. हे शिफारशीने मिळतं, आणि शौर्य किंवा उत्तम कामगिरी, दोन्हींसाठी. शौर्यासाठी असेल तर रिबनवर ‘व्ही’ हे छोटं धातूचं अक्षर असतं. ते नसेल तर रणभूमीवरच्या चोख कामाबद्दलही मिळालेलं असू शकतं. आपल्याकडे सेना पदक (शौर्य) आणि सेना पदक (विशिष्ट सेवा) असा जो भेद आहे, तसाच हा. पर्पल हार्टचा आपला भाऊबंद म्हणजे पराक्रम पदक, जे आधी ‘वूंड मेडल’ म्हणून ओळखलं जायचं. नाव पराक्रमाचं आणि निकष जखमेचा, त्यामुळे घोटाळा आपल्याकडेही आहेच!

आणि मुळात पर्पल हार्ट कामगिरीचंच होतं. १७८२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जांभळ्या कापडाचं हृदय विशेष कामगिरीसाठी सुरू केलं. ते मिळालेल्या तिघांचीच नावं ठाऊक आहेत. १९३२ मध्ये वॉशिंग्टन यांच्या दोनशेव्या जयंतीला ते पुन्हा जिवंत झालं, तेव्हाही कामगिरीला जागा होती. १९४२ मध्ये कामगिरीसाठी लीजन ऑफ मेरिट हे वेगळं पदक आलं आणि पर्पल हार्ट जखमींपुरतं उरलं.

पैशाचं म्हणाल तर दोन्हींतून दरमहा काही मिळत नाही. भत्ता ठरतो अपंगत्वाच्या टक्क्यांवर. पर्पल हार्टवाल्याला सरकारी उपचारांच्या रांगेत मात्र वरची जागा मिळते.

पर्पल हार्ट आगाऊ पाडूनही ठेवली गेली आहेत. १९४५ मध्ये जपानवर उतरायचं म्हणून किती माणसं जायबंदी होतील याचा अंदाज बांधून अमेरिकेने जवळपास ५ लाख पर्पल हार्ट तयार केली. स्वारी झालीच नाही. तो साठा कोरियात वापरला, व्हिएतनाममध्ये वापरला, आणि या शतकाच्या सुरुवातीलाही त्यातली हजारो पदकं शिल्लक होती.