नभोनाट्य आणि रूपक: खाण एकच, कसोट्या दोन

रेडिओवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो. तीन-चार आवाज, अधूनमधून संगीत, पावसाची सर, एक निवेदक. संपल्यावर आपण म्हणतो ‘छान होतं’ किंवा ‘रटाळ होतं’. पण ऐकलं ते नभोनाट्य (रेडिओसाठी रचलेलं नाटक) होतं की रूपक (खऱ्या माणसांवर आणि घटनांवर बेतलेला माहितीपर कार्यक्रम), हे ध्यानात न घेता दिलेला शेरा बहुतेक वेळा अन्यायाचा ठरतो, आणि तो अन्याय जास्त करून रूपकाच्या वाट्याला येतो.

दोन्ही प्रकार एकाच विषयावर असले की फरक चटकन कळतो. बीबीसीनं जानेवारी १९२४ मध्ये रिचर्ड ह्यूज यांचं ‘डेंजर’ प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांपैकी हे एक. वेल्समधली कोळशाची खाण पाहायला आलेले पाहुणे आत असताना दिवे जातात, आणि नाटक तिथूनच सुरू होतं. पात्रांना काही दिसत नाही, श्रोत्यालाही नाही. रेडिओची मर्यादा लेखकानं थेट कथेत मुरवली! इथे खाण खोटी, माणसं खोटी, पाणी चढतं तेही खोटं. पण त्या अंधारात आपला जीव गुदमरला की नाटक जिंकलं.

१९६१ मध्ये त्याच बीबीसीवर ‘द बिग ह्युअर’ हे रूपक आलं. निर्माते चार्ल्स पार्कर आणि लोकगायक यूअन मकॉल व पेगी सीगर ध्वनिमुद्रक घेऊन खाणकामगारांकडे गेले, त्यांना बोलतं केलं, आणि ते बोलणं व त्यावरून रचलेली गाणी एकमेकांत विणली. कामगारांची वाक्यं नटांकडून वदवून घेतली नाहीत. खाणीत आयुष्य काढलेला माणूस बोलता बोलता थांबतो, शब्द शोधतो; ते थांबणं हाच पुरावा असतो. कितीही कसलेला नट असला तरी तिथे तो उसनाच वाटेल.

पावसाचंच घ्या. स्टुडिओत ताटावर तांदूळ ओतून पाऊस पाडता येतो. नभोनाट्यात तो पाऊस शंभर टक्के चालतो; पात्र भिजल्यासारखं बोललं की झालं. पुरावरच्या रूपकात मात्र तोच पाऊस ‘त्या रात्रीचा’ म्हणून ऐकवला तर ती फसवणूक आहे. त्यापेक्षा पूर पाहिलेल्या बाईचा खरखरीत ध्वनिमुद्रित आवाज मी कधीही पसंत करीन.

म्हणून नाटक ऐकताना मी संवाद पाहतो. ‘अरे, तू हातात पिशवी घेऊन दारात उभा आहेस!’ असं कुणी बोललं की लेखकाला ऐकणाऱ्याचा भरवसा नाही हे कळतं. माइकजवळची कुजबुज आणि लांबून आलेली हाक यांनीच खोली उभी राहायला हवी.

रूपक ऐकताना प्रश्न वेगळे. कोण बोलतंय? त्यानं ते पाहिलंय का? निवेदक बाजूला होतो की सगळं स्वतःच सांगतो? आपल्याकडची कितीतरी रूपकं इथेच मार खातात: एक पुरुष आणि एक स्त्री आळीपाळीनं निबंध वाचतात आणि मध्ये सतार वाजते. संशोधन चोख असूनही कान कुठेच रमत नाही. आकाशवाणीच्या वार्षिक पुरस्कारांत नाटक आणि रूपक वेगळे धरतात, ते योग्यच आहे.

सीमेवरचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. वेल्श कवी डिलन टॉमस यांचं, एका गावातल्या माणसांची स्वप्नं ऐकवणारं ‘अंडर मिल्क वुड’ १९५४ मध्ये बीबीसीवर आलं. निर्माते डग्लस क्लेव्हरडन हे नाट्य विभागाचे नव्हते, रूपक विभागाचे होते. गाव मात्र कल्पनेतलं, माणसं लेखकानं घडवलेली, आवाज नटांचे. विभाग कुठलाही असो, मी ते नाटक म्हणूनच ऐकतो: त्या गावकऱ्यांची स्वप्नं खरी आहेत का, हे तिथे विचारायचंच नसतं.