जुन्या गाड्यांवरचा कर: खरी अधिसूचना आणि खऱ्यासारखा फॉरवर्ड

संग्राह्य जुन्या गाड्यांवर नवा कर बसल्याची थाप आणि अशा गाड्यांसंबंधीची खरी शासकीय अधिसूचना या दोन गोष्टी मोबाइलच्या पडद्यावर जवळजवळ सारख्याच दिसतात. दोन्हींवर अशोकस्तंभ असतो, क्रमांक असतो, भाषा बोजड असते आणि अंमलाची तारीख पुष्कळदा १ एप्रिल असते. ही तारीख थाप मारणाऱ्याच्या पथ्यावर पडते, कारण तो थट्टेचा दिवस आहे तसाच आर्थिक वर्षाचा पहिला दिवसही आहे. पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचे वाढीव शुल्क खरोखरच १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले होते. ज्याने ते भरले आहे, त्याला तीच तारीख पुन्हा दिसली तर संशय येण्याऐवजी खात्रीच वाटते.

ठाण्यात किंवा नेरुळ-बेलापूरकडे फियाट, येझदी, लॅम्ब्रेटा जपणाऱ्या हौशी मंडळींना कायद्यातले काही कळत नाही म्हणून ती फसतात, असे मला वाटत नाही. त्यांना बरेच ठाऊक असते, आणि नेमके तेच थापेच्या कामी येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरील गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क वाढवले. मोटारसायकलला २,००० रुपये, साध्या मोटारीला १०,०००, आयात केलेल्या दुचाकीला २०,००० आणि आयात केलेल्या मोटारीला तब्बल ८०,००० रुपये. हे आकडे वाचलेल्या माणसापुढे ‘संग्राह्य वाहनांवर दरवर्षी बाजारमूल्याच्या तीन टक्के कर’ असा कागद आला, तर त्याला तो अशक्य कसा वाटावा? ज्याने गाडीच्या कागदपत्रांकडे कधी पाहिलेच नाही, तो एक वेळ हसून सोडून देईल. आरसी बुक प्लास्टिकच्या पाकिटात जपणारा मात्र लगेच हिशोबाला बसतो.

तीन टक्क्यांचा हा कागद नमुना म्हणून समोर धरू आणि खऱ्या अधिसूचनेशेजारी ठेवू. सर्वांत आधी पाहायचे ते हे, की कर लावणारा कोण आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरील कर हा विषय सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, ५७व्या नोंदीत आहे. असा कर कोणत्या तत्त्वांवर आकारावा हे केंद्र ठरवू शकते, पण तो आकारायचा राज्याने, राज्याच्या कायद्याने. म्हणून महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांना २०१० पासून जो पर्यावरण कर भरावा लागतो, तो राज्याच्या मोटार वाहन कर कायद्यातून आला. त्या वेळी दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेल मोटारीला ३,५०० रुपये असा दर ठरला होता. नूतनीकरणाचे शुल्क मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांतून येते. दोन्ही पैसे आरटीओच्या कामातच भरावे लागत असल्याने भरणाऱ्याच्या मनात त्यांची एकच गोळाबेरीज होते, आणि ‘दिल्लीच्या मंत्रालयाने संग्राह्य गाड्यांवर वार्षिक मोटार कर बसवला’ हे वाक्य त्याला खटकत नाही. वास्तविक तो कागद त्याच वाक्यावर नापास व्हायला हवा.

कोणाला लागू, हे त्यानंतर पाहायचे. थापेत शब्द मोघम असतात: ‘संग्राह्य’, ‘अभिजात’, ‘वारसा मूल्य असलेली’. खरा नियम इतका सैल नसतो. व्हिंटेज वाहनांसंबंधीचे नियम जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातले गेले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी गाडीच त्यांत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि राज्याच्या संक्षेपानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, ही तरतूद संग्राहकांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. प्रदर्शन, रॅली, देखभाल किंवा इंधन भरणे अशा कामांसाठीच गाडी रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला आणि व्यवसायाला मनाई. यात बाजारमूल्य कुठेच नाही. असूही शकत नाही, असे मी म्हणणार नाही. पण १९६८ च्या फियाटचे बाजारमूल्य कोणी, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या तारखेला ठरवायचे हे न सांगता त्यावर टक्केवारी लावणारा कागद आरटीओच्या खिडकीवर एक दिवसही टिकणार नाही.

दिसण्यातला फरकही आहे, पण तो अशोकस्तंभात किंवा गोल शिक्क्यात शोधू नये, कारण त्या गोष्टी कोणालाही चिकटवता येतात. केंद्राचा नियम भारताच्या राजपत्रात येतो: ‘असाधारण’, भाग दोन, खंड तीन, उपखंड एक. आधी हिंदी पाने, मग इंग्रजी. हिंदी पानावर ‘सा.का.नि.’ आणि इंग्रजी पानावर ‘जी.एस.आर.’ अशा अक्षरांमागे एकच क्रमांक असतो. राजपत्र आता फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते, त्यामुळे हा क्रमांक आणि तारीख घेऊन सरकारी संकेतस्थळावर शोधले की मूळ पीडीएफ सापडते. सापडली नाही तर प्रश्न मिटला. थापेतला कागद बहुधा एकाच भाषेत आणि एकाच पानाचा असतो, कारण हिंदी मसुदा रचण्याइतके कष्ट कोण घेतो?

इथे एक तिसराच प्रकार मधे येतो आणि जाणत्यांनाही चकवतो. तो म्हणजे मसुदा अधिसूचना. ती खरी असते, राजपत्रात असते, क्रमांकही असतो; मात्र ती लागू नसते. मोटार वाहन कायद्याखालचे नियम आधी मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. व्हिंटेज नियमांचा मसुदा नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि अंतिम नियम पुढल्या वर्षी जुलैमध्ये. वीस वर्षांवरील गाड्यांच्या शुल्कवाढीचा मसुदा फेब्रुवारी २०२५ चा, अंतिम अधिसूचना ऑगस्टची. मधल्या काळात मसुद्यातल्या तक्त्याचा तेवढाच स्क्रीनशॉट काढून ‘उद्यापासून लागू’ असा मथळा दिला, की त्याला धड खोटे म्हणता येत नाही आणि खरेही. ज्या पानावर हरकती पाठवण्याची मुदत आणि पत्ता छापलेला असतो, ते पान अशा स्क्रीनशॉटमध्ये नेमके गळालेले असते.

खऱ्या बातमीला थापेचे रूप कसे येते, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर ‘जुनी गाडी विकली तर १८ टक्के कर’ हे वाक्य सगळीकडे पसरले, आणि बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकणाऱ्याला तीन लाखांच्या तोट्यावरही कर पडेल असे गणित लोक एकमेकांना समजावू लागले. वास्तविक हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, तोही त्याच्या नफ्याच्या रकमेवर लागतो. नफा नसेल तर कर नाही, आणि घरची गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ मधील निकालाचे. १९३१ ची एक फोर्ड टूरर १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेऊन पुढे २१ लाखांना विकली गेली होती. गाडी मालकाने खरोखर स्वतःसाठी वापरल्याचे दिसत नसल्याने ती ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ ठरली नाही आणि नफा करपात्र ठरला. हा कर नवा नव्हता, वादच १९९२-९३ च्या आकारणीचा होता. ‘व्हिंटेज गाड्यांवर कर’ एवढाच मथळा वाचून थांबणाऱ्याला हे कळायचे कसे?

मालमत्तेच्या मूल्यावर दरवर्षी आकारला जाणारा कर आपल्याकडे कधीच नव्हता, असे मात्र नाही. संपत्ती कर होता, त्यात मोटारीही धरल्या जात, आणि तीस लाखांवरील निव्वळ संपत्तीवर एक टक्का द्यावा लागे. २०१५ च्या वित्त कायद्याने तो रद्द झाला. तीन टक्क्यांचा कागद ज्येष्ठ संग्राहकांना ओळखीचा वाटतो तो बहुधा याच आठवणीमुळे.

थट्टा म्हणून सुरू झालेला कागद थट्टाच राहतो असे नाही. कराच्या धास्तीने गाडी पडत्या भावात काढणारा मालक दलालांना हवाच असतो. शिवाय ‘कर भरण्यासाठी ही फाइल उघडा’ असे सांगत आलेली एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवणारी फाइल, फोनमध्ये गेली, तर प्रकरण थेट बँक खात्यापर्यंत जाते. आरटीओ चलनाच्या नावाने हा प्रकार आधीच चालू आहे. आरटीओची कोणतीही रक्कम भरायची तर सरकारी परिवहन संकेतस्थळावर आपण होऊन जाऊन भरावी.

आता ठाण्यातल्या, १९८४ साली नोंदलेल्या पेट्रोल प्रीमियर पद्मिनी मोटारीचे काय, ते पाहू. वाढदिवसाला हार घालून तिचे फोटो काढले जात असले, तरी ती २०३४ पर्यंत नियमानुसार व्हिंटेज नाही. त्यामुळे दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे १०,००० रुपये आणि पर्यावरण कर हे तिच्या मालकाचे खरे देणे आहे. मुदत टळली तर विलंब शुल्क वेगळे.