डाग सेन्सरवर आहे की लेन्समध्ये? पुसायच्या आधी एवढं बघा

जालन्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचं काम हेच मुख्य, पण कॅमेऱ्यात धूळ गेली की आसपासची पोरं माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोघं आले आणि दोघांनी नेमकी उलटसुलट चूक केलेली होती.

पहिला पैठणला नाथसागरावर रोहित पक्ष्यांचे फोटो काढून आला होता. थवा सुंदर टिपला होता, पण वरच्या मोकळ्या आकाशात करडा, गोल ठिपका. पुढचा फोटो, त्यापुढचा फोटो, ठिपका त्याच जागी. "काका, लेन्स तीनदा पुसली, मागूनसुद्धा पुसली. जाईचना." लेन्स उजेडात तिरकी धरली, तर पुढच्या काचेवर रुमालाने घासल्याच्या बारीक रेघा उठलेल्या. डाग मुळात लेन्सवर नव्हताच. तो सेन्सरवर, म्हणजे लेन्सच्या मागे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीवर होता.

दुसरा अंबडकडचा, लग्नाची कामं करणारा. रिसेप्शनच्या फोटोत मागच्या लायटिंगचे जे मोठे धूसर गोळे येतात, त्या गोळ्यांमध्ये त्याला काळे कण दिसले. त्याने लेन्स काढली, इअरबडला दुकानातलं स्पिरिट लावलं आणि सेन्सर पुसून काढला. त्याचा सेन्सर आधी स्वच्छ होता. आता त्यावर वाळलेल्या ओघळाचे वण आणि कापसाचे तंतू होते. कण होते ते लेन्समध्ये.

पुढच्या काचेवरच्या रेघा फोटोत सहसा उतरत नाहीत, म्हणून पहिला थोडक्यात सुटला. दुसऱ्याच्या बाबतीत मला दोन स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायच्या चपट्या मऊ पट्ट्या, खर्च करावे लागले आणि ते करताना माझाच जीव वर-खाली होत होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, हात लावायच्या आधी धूळ कुठे आहे ते ठरवा. ते ठरवायला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही.

दोन्हीकडची धूळ सारखीच, मग फोटोत ती इतकी वेगळी का दिसते? घरीच करून बघा. ट्यूबलाइटखाली टेबलावर पांढरा कागद ठेवा. कागदाच्या अगदी जवळ, दोन-तीन मिलिमीटरवर, ट्यूबला आडवा पेन धरा. सावली ठसठशीत पडते. आता पेन वीतभर वर उचला. सावली पसरते, फिकी होते आणि जवळजवळ विरून जाते. सेन्सरवरचा कण हा कागदाजवळचा पेन आहे. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण वीतभर वरचा.

आता ट्यूब बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. उजेड एकाच बारक्या बिंदूतून आला की वर उचललेल्या पेनाचीसुद्धा सावली स्पष्ट पडते. लेन्सचं अ‍ॅपर्चर बारीक करणं, म्हणजे उजेड आत घेणारं भोक लहान करणं, हे ट्यूबलाइटचा टॉर्च करण्यासारखं. एफपुढचा आकडा वाढतो तसं भोक लहान होतं. म्हणूनच सेन्सरवरचा कण एफ/२.८ वर दिसत नाही, एफ/८ वर पुसटसा जाणवतो आणि एफ/१६, एफ/२२ वर काळ्या ठिपक्यासारखा उभा राहतो. रोहित टिपणाऱ्या पोराने अख्खा थवा शार्प यावा म्हणून एफ/१६ लावलं होतं. तो डाग कदाचित दिवाळीपासून तिथे होता, त्याला तोवर दिसला नव्हता इतकंच.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आपण "सेन्सर" म्हणतो, पण धूळ खुद्द सेन्सरवर बसत नाही. त्याच्या पुढे फिल्टरची पातळ काच असते, तिच्यावर इन्फ्रारेड अडवणारे आणि चकाकी कमी करणारे थर असतात. धूळ बसते त्या काचेवर आणि पुसतोही आपण तीच. काच आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण तिच्यावरचा थर एकदा खरवडला की तो घरी भरून काढता येत नाही. आणि कण किती लहान पुरतो? २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, साधारण ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. केसाचा एवढासा तुकडासुद्धा दहा-पंधरा पिक्सेल रुंदीची जागा झाकतो.

लेन्समधली धूळ वेगळ्या तऱ्हेने त्रास देते. पुढच्या काचेवर कण कितीही असले तरी फोटोत सुटा ठिपका सहसा येत नाही. धूळ फार झाली, बोटाचा तेलकट ठसा असला किंवा आत वाफ धरली, तर फोटो एकंदर पांढुरका होतो, काळा रंग राखाडी पडतो, समोर दिवा असला की धुरकट पडदा आल्यासारखं वाटतं. कण सुटे दिसतात ते धूसर गोळ्यांमध्येच. दूरच्या दिव्याचा जो गोळा दिसतो तो म्हणजे लेन्सच्या तोंडाचंच चित्र असतं, त्यामुळे लेन्समधला कण त्या प्रत्येक गोळ्यात पुन्हा पुन्हा उमटतो. अंबडच्या भावाला नेमकं हेच दिसलं होतं. सेन्सरवरचा कण असता तर एकाच जागी एकच ठिपका आला असता, वीस गोळ्यांत वीस वेळा नाही.

एक अपवाद आहे आणि तो चकवतो. लेन्सची मागची काच सेन्सरच्या बरीच जवळ असते. तिच्यावरचा मोठा कण बारीक अ‍ॅपर्चरला मऊ, पसरट डाग देऊ शकतो. तेव्हा लेन्स बदलून बघायची. डाग गेला तर लेन्सचा, राहिला तर सेन्सरचा. दुसरी लेन्स नसेल तर आधी मागची काच नीट साफ करून पुन्हा फोटो काढायचा.

डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) दिसणारे कण या दोन्हींत मोडत नाहीत. ते फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर असतात आणि फोटोत येत नाहीत. त्यांच्यासाठी कॅमेरा उघडू नका. आरशाचा मुलामा पुढच्या बाजूला असतो, तो कापडाने लगेच खराब होतो. लांब एक्स्पोजरमध्ये लाल, निळे, पांढरे टिचभर बिंदू दिसले तर ते हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचेच बिघडलेले ठिपके, त्यांचा धुळीशी संबंध नाही.

तपासणीची रीत अशी. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२, फोकस मॅन्युअल करून अनंतावर. पांढरी भिंत किंवा मोबाइलचा कोरा पांढरा स्क्रीन हातभर अंतरावरून फ्रेमभर घ्या. शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहू द्या आणि तेवढ्यात कॅमेरा हळूच हलवा. भिंतीचे पोपडे आणि स्क्रीनच्या रेघा पुसल्या जातात, सेन्सरवरचा कण कॅमेऱ्याबरोबरच हलतो म्हणून तो जागच्या जागी उमटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाचं निरभ्र आकाशही चालतं, फक्त सूर्य पाठीमागे ठेवा. फोटो कॉम्प्युटरवर घेऊन कॉन्ट्रास्ट वाढवा, शंभर टक्क्यांवर फिरून बघा.

डाग सापडला की तो काचेवर कुठे आहे हेही कळायला हवं. कॅमेरा सरळ उभा ठेवून तुम्ही माउंटकडे, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याकडे, तोंड करून बसलात, तर फोटोतली वरची बाजू काचेवर खाली असते. डावी मात्र डावीकडेच. रोहितांच्या वर आकाशात दिसणारा ठिपका काचेच्या खालच्या कडेजवळ होता.

धूळ लेन्सची निघाली तर काम सोपं. आधी ब्लोअर (हाताने दाबून हवा मारायचा रबरी फुगा), मग मऊ ब्रश आणि शेवटी धुतलेलं मायक्रोफायबर, लेन्स क्लीनरचा थेंब कापडावर टाकून. कोरड्या कापडाने सुरुवात करू नका. आपल्या काळ्या मातीच्या फुफाट्यात बारीक वाळूचे कण असतात, ते कापडाखाली सापडले की घासकागदाचं काम करतात. आतल्या काचांवर दोन-चार कण असतील तर मी ते तसेच राहू देतो. लांब होणारी झूम लेन्स लोहाराच्या भात्यासारखी हवा आत-बाहेर घेते, कण जाणारच. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी. ती लेन्स बाकीच्या सामानातून बाजूला काढा आणि जाणत्या दुरुस्तीवाल्याला दाखवा.

सेन्सरची निघाली तर मात्र घाई नको. पहिली पायरी कॅमेराच करतो. काच अतिजलद थरथरवून धूळ झाडणारी सोय ऑलिम्पसने २००३ च्या ई-१ मध्ये आणली, २००६ पासून कॅननच्या ४००डी सारख्या बॉडीत धूळ झाडण्याची सोय आली आणि आता ती बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत आहे. कॅमेरा टेबलावर बुडावर सरळ ठेवून मेनूतून क्लीनिंग दोन-तीनदा चालवा, मग पुन्हा तपासणीचा फोटो.

नाही गेला तर ब्लोअर. त्याआधी खोली तयार करा: पंखा आणि कूलर बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, अर्धा तास कोणी झाडझूड केलेली नाही. हिवाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत सिंथेटिक कपड्यांना स्थिर वीज धरते, म्हणून मी सुती सदरा घालूनच बसतो. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. डीएसएलआरमध्ये आरसा वर धरून ठेवणारा क्लीनिंगचा पर्याय मेनूत असतो, तोच वापरा. बल्ब मोडमध्ये शटर उघडं ठेवून काम करू नका, बटण सुटलं की पडदा हातातल्या वस्तूवर मिटतो. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, लेन्स काढली की सेन्सर समोरच असतो. काही मॉडेल बंद केल्यावर शटर मिटून घेतात. ते पडदे फार नाजूक, त्यांच्यावर जोरात हवा मारू नका, मेनूतून उघडून घ्या.

कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे. ब्लोअर आधी बाहेर दोन-तीनदा दाबून त्यातली धूळ काढा, मग नळी माउंटच्या कडेपर्यंतच ठेवून सात-आठ झटके द्या. निघालेला कण खाली पडतो. तोंडाने फुंकर कधीही मारू नका, थुंकीचा थेंब वाळला की त्याचा डाग धुळीपेक्षा हट्टी असतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर नकोच, त्या हवेत तेल आणि पाणी असतं. डब्यातल्या दाबाच्या हवेतून द्रव उडून काचेवर गोठतो.

सुकी धूळ इथपर्यंत बहुतेक निघून जाते. मागे राहतो तो चिकट डाग, आणि तो कशाचा आहे ते बहुतेकदा ओळखू येतं. आमच्याकडे हळदीच्या कार्यक्रमात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा म्हणजे हळदीची पूड, तिच्यात अंगचं तेल असतं. ती ब्लोअरला दाद देत नाही. जिनिंगच्या आवारात फोटो काढले की सरकीची लव तंतूसारखी दिसते, ती मात्र हवेनेच जाते. कधी शटरच्या यंत्रणेतलं वंगणही उडतं, त्याचे डाग गोल आणि कडेने फिकट असतात.

चिकट डागालाच स्वॅब. सेन्सरच्या उंचीइतका रुंद घ्या: ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेमला २४ मिलिमीटरचा, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला १६ चा. पाकीट काचेजवळ आणल्यावरच फोडा. सेन्सरसाठीच विकलं जाणारं लिक्विड कडेवर दोन थेंब, जास्त नाही, आणि दहा-पंधरा सेकंद झिरपू द्या. काचेच्या एका टोकाला स्वॅब जरा तिरका टेकवा, पेनाने सहज लिहिताना पडेल एवढाच भार, आणि एका दमात दुसऱ्या टोकापर्यंत न्या. उचला, दुसरी बाजू वळवा, उलट दिशेने एकदा या. संपलं. तोच स्वॅब तिसऱ्यांदा फिरवला की उचललेला कण काचेवर ओढला जातो. सेन्सर आतल्या आत हलणाऱ्या कॅमेऱ्यात काच किंचित सरकल्यासारखी वाटते, तेव्हा दाब आणखी कमी करा. इअरबड, स्पिरिट, अ‍ॅसिटोन, चष्म्याचं कापड यांतलं काही या काचेजवळ आणू नका.

यातलं बरंच टाळताही येतं. लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली, कॅमेरा बंद, दुसरी लेन्स टोपण सैल करून हाताशी. मागचं टोपण आणि बॉडी कॅप महिन्यातून एकदा धुऊन वाळवा, कितीतरी धूळ तिथूनच आत जाते. भंडारा उधळला जात असताना मी लेन्स बदलतच नाही, दोन बॉड्या गळ्यात असतात.

पैठणच्या पोराच्या सेन्सरवर एकूण तीन डाग निघाले. ब्लोअरने दोन गेले, आकाशातला मोठा त्यातलाच. तिसरा अगदी कोपऱ्यात, एफ/१६ ला जेमतेम दिसणारा. त्याचं नेहमीचं काम एफ/५.६ ते एफ/८ वर. पोरगा म्हणाला, स्वॅब मारून टाका. मी नको म्हटलं, त्याला एफ/८ चा फोटो काढून दाखवला, कोपरा शंभर टक्क्यांवर उघडला. काही नव्हतं. कॅप लावून कॅमेरा त्याच्या हातात दिला.