ज्युरीची शपथ: पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये खटल्याआधी ज्युरीतला प्रत्येक जण शपथ घेतो, की मी आरोपीचा न्याय निष्ठेने करीन आणि पुराव्यानुसार खरा निवाडा देईन. ‘पुराव्यानुसार’ हा आग्रह बराच नंतरचा. दुसऱ्या हेन्रीच्या ११६६ च्या क्लॅरेंडन फर्मानात दर परगण्यातली बारा आणि दर गावातली चार भली माणसं शपथेवर सांगत, की खून-दरोड्याचा वहीम आपल्याकडे कोणावर आहे. त्यांना बोलावलं जाई ते गावची बित्तंबातमी असते म्हणूनच. दोष ठरे ‘दिव्य’ करवून, म्हणजे पाण्याच्या किंवा आगीच्या कसोटीतून देवाचा कौल घेऊन. १२१५ मध्ये चर्चच्या परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला मनाई केली, दिव्य बंद पडलं आणि निवाड्याचं ओझं शपथ घेतलेल्या शेजाऱ्यांवर आलं.

शपथेला खोटं ठरणं महागात पडे. दिवाणी दाव्यात चोवीस जणांची दुसरी ज्युरी बसे. तिने पहिला निवाडा खोटा ठरवला तर आधीच्या बारांना कैद आणि मालमत्तेची जप्ती.

१६७० मध्ये हे सगळं लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ऐरणीवर आलं. रस्त्यावर प्रवचन दिल्याबद्दल क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम पेनवर बेकायदा जमावाचा खटला होता. ज्युरी म्हणे, तो बोलला एवढंच खरं. मनाजोगता निवाडा मिळेना म्हणून न्यायाधीशांनी बाराही जणांना अन्नपाण्यावाचून, शेकोटीवाचून कोंडलं. ते बधले नाहीत. मग प्रत्येकी चाळीस मार्क (पैशाचं तेव्हाचं एकक) दंड झाला. ज्युरीतल्या एडवर्ड बुशेलने तो भरला नाही, तुरुंगात गेला आणि तिथून दाद मागितली. सरन्यायाधीश व्हॉन यांनी त्याला सोडलं: निवाड्याबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. गंमत म्हणजे त्यांचा एक युक्तिवाद जुनाच होता. ज्युरी त्या भागातली असते, न्यायाधीशाला ठाऊक नसलेलं तिला ठाऊक असू शकतं!

खुद्द पेनच्या पंथाला मात्र शपथ घेणंच पाप वाटे. त्यांना ज्युरीत शपथेऐवजी देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा १८३३ मध्ये मिळाली. नास्तिकांसाठी ती वाट नास्तिक खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या खटपटीने १८८८ मध्ये उघडली.

शपथेतल्या ‘पुराव्यानुसार’ला आता भीती आहे ती इंटरनेटची. आरोपीची माहिती परस्पर शोधणं इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून ज्युरीसाठी स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद.