बी.ए.चा हिशेब: कोल्हापुरात पदवी ‘परवडते’ का, हा प्रश्न आला कुठून

बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पोरगं फॉर्म भरत असतं आणि शेजारी उभा असलेला बाप हळूच क्लार्कला विचारतो, “हे करून पुढं काय?” क्लार्क वर न बघता “बघू की, पास तर होऊ दे” म्हणतो. हल्ली याच प्रश्नाला ‘रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट’, म्हणजे घातलेल्या पैशाचा परतावा, म्हणतात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात मात्र तो विद्यापीठाहूनही जुना आहे. उत्तर तेवढं बदलत गेलं, आणि त्याला फी फारशी कारणीभूत नव्हती.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० सालचं. पदवी द्यायचं मुंबई विद्यापीठ, १९४९ नंतर पुणे विद्यापीठ. खेड्यातल्या मुलाची खरी अडचण होती ती शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, ही. शाहू महाराजांनी ती नेमकी हेरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्याच सुमारास व पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. या दोन गोष्टी आपण इतिहासात वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. हिशेबाच्या वहीत त्या एकाच पानावर येतात, कारण वसतिगृहानं खर्च खाली आणला आणि राखीव जागांनी शिक्षणाचा परतावा मिळण्याची सोय केली. पुढं शिक्षणावरच्या बहुतेक सरकारी योजनांनी यातली पहिली बाजू उचलली, दुसरी बऱ्याचदा सोडून दिली.

साताऱ्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी खर्चाची बाजू वेगळ्या रीतीनं सोडवली. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे फी नाही, पण विहीर खणायची, शेतात राबायचं. मुलगा शिकत असताना घरची मजुरी बुडते, हे ओळखणारी योजना होती ती. शिवाजी विद्यापीठानंही पुढं ती आपलीशी केली.

१९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत आली. वर्षाचं उत्पन्न ९०० रुपयांच्या आत असेल तर फी माफ, आणि ती मर्यादा लवकरच १,२०० वर गेली. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, अर्जाला जोडायचा, की झालं. या भागात ईबीसीवर शिकलेली एक अख्खी पिढी आहे. तिच्यातली माणसं आजही ‘ईबीसी’ हा शब्द एखाद्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसा घेतात.

मग आलं १९६२. १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. तेव्हा ३४ कॉलेजं होती आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी. कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्यासह सोलापूर आणि रत्नागिरीही त्यात होतं. पदवीधर तयार करणारी संस्था आणि पदवीधरांना कामाला घेणारी संस्था एकाच वर्षी, साडेसहा महिन्यांच्या अंतरानं जन्माला आल्या. त्यात सहकारी साखर कारखाने वाढत होते, जिल्हा बँकेच्या शाखा निघत होत्या, गावोगाव हायस्कुलं होत होती. या सगळ्यांना कारकून, ग्रामसेवक, शिक्षक, शेती अधिकारी हवे होते. बी.ए., बी.कॉम. झालेला मुलगा कुठंतरी ‘चिकटायचा’. हा शब्द इथं थट्टेनं कोणी वापरत नाही. चिकटणं म्हणजे पर्मनंट होणं, आणि पर्मनंट होणं म्हणजे धाकट्या भावाची फी, बहिणीचं लग्न आणि घरावर स्लॅब.

त्या सुवर्णकाळातही पदवीधर बेकार होतेच. १९६९ साली मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल या अर्थतज्ज्ञांचा भारतातल्या पदवीधरांच्या बेकारीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेकारी इतकी असताना पोरं कॉलेजात का जातात, हे कोडं त्यांच्यापुढं होतं. त्यांनी दाखवलं की खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलतं, म्हणून घरच्यांच्या बाजूनं पाहिलं तर पदवी तरीही फायद्याचीच ठरते. सरकारच्या आणि समाजाच्या बाजूनं पाहिलं तर हाच परतावा कमी भरतो. कॉलेजला जाणारा पोरगा मूर्ख नव्हता, हे निदान कोणीतरी आकडे मांडून सांगितलं म्हणायचं.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि हिशेबाचे दोन रस्ते झाले. एका रस्त्यावर फी भरमसाट, पण पुढं पुणे, बंगळूर, कदाचित परदेश. दुसरीकडं अनुदानित कॉलेजातलं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., फी किरकोळ. २००१ पासून नव्या कॉलेजांना ‘कायम विनाअनुदानित’ हाच शिक्का बसू लागला. तिथं शिकवणारा प्राध्यापक स्वतःच तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला इतके या हिशेबानं. पदवीचा परतावा किती, याचा चालताबोलता नमुना रोज वर्गात फळ्यापाशी उभा राहायला लागला, आणि मागच्या बाकावरच्यांना तो दिसत होता.

फी आणि दर्जा यांवर वाद घालण्यात आपण वीस-पंचवीस वर्षं घालवली. खरी उलथापालथ नोकरीच्या बाजूला झाली. पाचव्या, सहाव्या, सातव्या वेतन आयोगानं सरकारी पगार चढत गेला, आणि त्याच काळात भरती आटत गेली. बक्षीस मोठं होत गेलं, सोडतीतल्या चिठ्ठ्या कमी होत गेल्या. अशा वेळी रांग लांबते. डी.एड.चं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. बारावीनंतर दोन वर्षांत मास्तर, म्हणून गल्लोगल्ली कॉलेजं निघाली. २०१२ साली शिक्षक भरतीवर बंदी आली आणि वर्ग ओस पडले. ज्यांना लागली त्यांनाही आधी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावं लागतं. २०२३ साली वाढ होऊन ते प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार झालं. खासगी संस्थेत लागायचं तर काही ‘द्यावं’ लागतं का, हे या भागात कोणी कोणाला विचारत नाही, थेट आकडाच विचारतात.

त्याच २०२३ साली तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. पात्रता पदवी. खुल्या वर्गाला परीक्षेची फी १,००० रुपये.

आता पाटीवर मांडून बघू. आकडे माझे, समजुतीपुरते. बारावीनंतर मुलगा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत लागला आणि महिन्याला १२ हजार हातात आले असं धरू. पदवीच्या तीन वर्षांत तो सोडून देतो ४ लाख ३२ हजार. मग दोन वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षा. कॉट बेसिसवर खोली, दोन वेळची मेस, अभ्यासिकेतली खुर्ची मिळून महिना १० हजार, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि त्या दोन वर्षांची बुडालेली मजुरी २ लाख ८८ हजार. बेरीज ९ लाख ६० हजार. यात कॉलेजची फी अजून धरलेलीच नाही. अनुदानित बी.ए.ची तीन वर्षांची फी या बेरजेत कुठं लपेल ते कळणारही नाही. खर्च होतात ती वर्षं, आणि त्यांची पावती कोणी देत नाही.

या वर्षांचं पुढं काय झालं, हे मोजायची व्यवस्था आपल्याकडं तोकडी आहे. अमेरिकेनं २०१५ पासून सरकारी मदत घेऊन शिकलेल्यांची कमाई कराच्या नोंदींशी जुळवून कॉलेजवार जाहीर करायला सुरुवात केली. आपल्याकडं एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी संस्थांना किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मधोमधचा (मीडियन) पगार किती, हे कळवावं लागतं. पण ती संख्या संस्थेनं स्वतः भरलेली, आणि ज्यांना काम लागलं त्यांच्यापुरती. पगार कळतो, वाट बघण्यात गेलेली वर्षं कळत नाहीत. शिवाय विद्यापीठाची माहिती म्हणजे मुख्यतः विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांची. गारगोटी, जत किंवा पाटणच्या कॉलेजात बी.ए. करणारी मुलगी त्या आकड्यात सापडत नाही, आणि शिवाजी विद्यापीठाची बहुसंख्या तीच आहे. देशाचं चित्र तेवढं हाती आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४. ज्याला घरी बसून परवडत नाही तो बेकार राहत नाही, मिळेल ते करतो. या आकड्याचा एवढाच अर्थ घ्यावा.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. तिची पदवी पगारात क्वचितच मोजली जाते. लग्न तीन वर्षं पुढं गेलं, हाच पुष्कळ घरांत परतावा, आणि तो कमी नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. जुनी ईबीसी आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं शिष्यवृत्ती म्हणून चालते. ९०० रुपयांची मर्यादा आठ लाखांवर आली, आणि दाखल्यासाठी आता ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून परतावं लागतं.

नोकरीच्या बाजूला त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली, लोकांच्या तोंडी ‘लाडका भाऊ’. तिच्यात प्रशिक्षणाच्या विद्यावेतनासाठी सरकारनं प्रत्येक शिक्षणाला महिन्याचा दर लावला. बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार. बारावी आणि पदवी यांत फरक ४ हजारांचा. वरच्या हिशेबातले ४ लाख ३२ हजार या फरकानं भरून काढायचे तर १०८ महिने लागतील. योजना आधी सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवली. एम.ए. झालेल्यालाही १० हजारच, म्हणजे बी.ए.नंतरच्या दोन वर्षांचा दर त्या तक्त्यात शून्य.